धडधाकट छपराला भोक

सौर पॅनल विकणारा माणूस तुमच्याशी उन्हाबद्दल बोलतो. पावसाचं नाव काढत नाही. छपराला भोक पाडावं लागेल, हे तर तो पैसे मोजून घेतल्यावर, पावती फाडल्यावर आणि पॅनल टेम्पोत चढवल्यावर, टेम्पो सुरू होता होता सांगतो.

आमचं छप्पर म्हणजे एका जुन्या ट्रॅव्हलर गाडीचं. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते नवऱ्याने पेपरात वाचलं आणि त्याच्या निवृत्तीला दिशा मिळाली. आयुष्यभर चिंचवडच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या गाड्या केल्या, आता एक आपली. सीटांच्या जागी पलंग आले, पलंगाखाली पाण्याची टाकी गेली, ओटा आला. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे आणि गाडीत असा बदल केला की तो नोंदणीच्या कागदांवर चढवावा लागतो. त्या कागदांविषयी आमच्याकडे जेवताना बोलत नाहीत. सासूबाई या सगळ्या प्रकाराला ‘टेम्पो’ म्हणतात. ही गाडी बनवणारी पुण्याची कंपनी २००५ पर्यंत बजाज टेम्पो याच नावाने ओळखली जायची, त्यामुळे त्यांना सुधारायला कोणी जात नाही.

मग विजेचा प्रश्न आला. नवऱ्याने वहीत यादी केली: फ्रिज, पंखा, दिवे, मोबाइल, लॅपटॉप. शेवटी लाल पेनने लिहिलं, ‘मिक्सर ७५० वॅट – नाही.’

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. आकडा दिसला की तो कशाचा आहे हे विचारायची सवय गेलेली नाही. ७५० वॅट खरे, पण किती वेळ? चटणीला लागतात चार मिनिटं. म्हणजे ५० वॅट-तास. इन्व्हर्टर खातो ते धरून ६० म्हणा. यांचा तो बारा व्होल्टचा फ्रिज दिसायला गरीब, ४५ वॅटचा, पण थांबत थांबत दिवसाचे दहा-अकरा तास चालणार. झाले पाचशेच्या आसपास. “अहो, तुमच्या गार बाटल्यांच्या एका दिवसात माझ्या आठ चटण्या होतात,” मी म्हटलं. बाटल्यांत काय असतं याचा उल्लेख सासूबाई समोर होत्या म्हणून टाळला. लाल ओळ खोडली गेली.

शंभर वॅटची तीन पॅनलं आली आणि १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी. ‘तीनशे वॅट’ हा आकडा प्रयोगशाळेतला असतो: चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि पेशीचं तापमान २५ अंश. एप्रिलमध्ये पुण्यात २५ अंश एक तर पहाटे सापडतात, नाहीतर मॉलमध्ये. छपरावर तापलेली पेशी ६५ अंशांना सहज जाते आणि २५च्या वरच्या दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी होते. म्हणजे उन्हावर चालणारी ही वस्तू कडक ऊन लागलं की सोळा टक्के रजेवर जाते. त्यावर उपाय एवढाच, की पॅनल पत्र्याला चिकटून न बसवता खाली दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळती ठेवायची.

“वहिनी, जर्मनीत तिरकी स्टँडं लावतात,” भाऊजी म्हणाले. भाऊजींनी या विषयावरचे व्हिडिओ नवऱ्यापेक्षा जास्त पाहिलेत आणि त्यांच्याकडे गाडी नाही, त्यामुळे त्यांचं मत कधी अडत नाही. पण पुणे १८.५ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैअखेर परत एकदा येतो. आडवं पॅनल इथे छान चालतं. जुलैअखेर तो डोक्यावर आलेला कोणाला दिसत नाही, ती गोष्ट वेगळी.

खरी पंचाईत सावलीची. एका पॅनलमध्ये ३६ पेशी एकीला एक जोडलेल्या असतात. त्यातल्या एकीवर सावली पडली, किंवा कावळ्याने आपलं मत नोंदवलं, तरी बाकीच्यांचा प्रवाह अडतो. म्हणून आत डायोड बसवलेले असतात, ते अडलेला भाग वगळून वाट काढतात. तरी नुकसान होतंच. तेव्हा गाडी उन्हात लावायची. आणि उन्हात लावलेल्या लोखंडी गाडीत मे महिन्यात माणसाने बसायचं कसं? सावलीत लावली तर आम्ही सुखी आणि बॅटरी उपाशी. उन्हात लावली तर बॅटरी तुडुंब आणि आम्ही बाहेर झाडाखाली खुर्च्या टाकून, गाडीतल्या भरलेल्या विजेकडे बघत बसलेले. कॅम्परवाल्यांचे व्हिडिओ नीट पाहा, त्यांतली माणसं नेहमी गाडीच्या बाहेरच बसलेली असतात.

आता भोकं. माझं माहेर सावंतवाडीकडचं, आंबोली घाटाच्या पायथ्याचं. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पुण्याला सातशेच्या. म्हणजे पुणेकर ज्याला पावसाळा म्हणतात तो तिकडे जूनमध्येच पडून जातो. दर मेमध्ये नळे परतायचे, फुटके बदलायचे, पश्चिमेच्या भिंतीला झापं बांधायची, यात माझं बालपण गेलं. धडधाकट छपरावर ड्रिल घेऊन चढणारा माणूस मी लग्नानंतरच पाहिला.

नवऱ्याचं म्हणणं, प्रत्येक पायाला बोल्ट हवाच; एक्सप्रेसवेवर वाऱ्याने पॅनल उचललं गेलं तर मागच्याच्या काचेवर जाईल. माझं म्हणणं, पत्रा स्वच्छ करून पॉलियुरेथेनने चिकटवलेले पाय सुटत नाहीत, बसच्या काचासुद्धा गोंदाने बसवतात. पार्किंगमध्ये जमलेल्या मंडळींचं म्हणणं, आधी नारळ फोडा. शेवटी तह झाला. सगळे पाय चिकटवायचे आणि पुढून वारा घुसतो म्हणून फक्त पुढच्या कोपऱ्यांना बोल्ट. तीन पॅनलांचे सहा, तारेचं सातवं. नारळही फोडला.

सीलंट आणायला मी स्वतः बोहरी आळीत गेले. दुकानदाराने न विचारता सिलिकॉनची नळी पुढे केली. “हेच न्या, अख्खं पुणं हेच लावतं.” नळीच्या तोंडाला व्हिनेगरचा वास. स्वस्त सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं, आणि पोलादी पत्र्याला ते मानवत नाही. त्याहून वाईट म्हणजे सुकलेल्या सिलिकॉनवर पुढे काहीच धड चिकटत नाही. रंग नाही, दुसरा सीलंट नाही, खुद्द नवं सिलिकॉनही नाही. मी मान हलवली. त्याने एम-सील काढलं. ते दगडासारखं घट्ट होतं, आणि तीच अडचण आहे, कारण पत्रा दुपारी फुगतो, रात्री आकसतो, खड्ड्यांत थरथरतो. त्याबरोबर ताणलं जाणारं काहीतरी हवं. त्याने डांबराचा डबा दाखवला. मी म्हटलं, “एकघटकी पॉलियुरेथेन आहे का? आणि ब्यूटाइलची पट्टी?”

“बाई,” तो म्हणाला, “तुम्हाला भोक बुजवायचंय की पेपर काढायचाय?”

पण मिळालं. पॉलियुरेथेनची गंमत मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितली असती तर दोन-चार पोरं तरी जागी राहिली असती: ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं. पाणी अडवायला लावायचं ते पाणी मिळाल्याशिवाय उभंच राहत नाही. वरची साय तास-दोन तासांत धरते, पण आत ते दिवसाला दोन-तीन मिलिमीटर एवढ्याच वेगाने जातं. आणि मेमधली पुण्याची दुपार कोरडी ठणठणीत. दहावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या बापासारखा नवरा दर तासाला शिडी चढून बोट लावून यायचा. ओलं पॉलियुरेथेन बोटाला लागलं की साबण, रॉकेल, लिंबू कशालाच दाद देत नाही; त्वचेबरोबरच जातं. त्या आठवड्यात भाच्याची मुंज होती. अक्षता टाकताना यांचं तर्जनीचं काळं टोक बघून चार जणांनी विचारलं, “कुठे मतदान होतं?”

सील करण्याचं मर्म हे, की काम खाली होतं, वर नाही. आधी पत्रा खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. भोक पाडलं की कडेला गंजरोधक रंग लावायचा आणि ड्रिलचा कीस कण न् कण वेचायचा, नाहीतर पहिल्याच सरीत छपरावर तपकिरी ठिपके उमटतात. मग पायाच्या तळाला सीलंटची अखंड वळी, मध्ये कुठे न तुटता, आणि दाबल्यावर चारी बाजूंनी थोडी बाहेर यायला हवी. लोक हे टाळून वरून फासतात. ते लिंपण दिसायला समाधान देतं, पाणी त्याच्याखालून निवांत आत जातं. तारेच्या डबीचं तोंड मागच्या बाजूला ठेवायचं, धावत्या गाडीच्या वाऱ्याने पाऊस आत रेटू नये म्हणून. आणि तार डबीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यायचा, की पाणी तिच्यावरून वाहत आलं तरी तिथेच पागोळीसारखं गळून पडतं. हे मला कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही.

जोडणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. हा क्रम उलटा करायचा नाही. पॅनलला बटण नसतं, ऊन पडलं की ते जिवंत, आणि अशी तीन ओळीने जोडली की साठहून जास्त व्होल्ट. म्हणून काम चालू असताना मी त्यांच्यावर गोधड्या पसरल्या. सासूबाईंनी खिडकीतून बघून विचारलं, “त्यांना ताप आलाय का?”

आता चाचणी. भाऊजी नळाची नळी घेऊन तयार होते, तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. सोसायटीत टँकर चालू, आणि हे छप्पर धुणार? पुण्यात मे महिन्यात गळती तपासायला पाणी मागणं म्हणजे गुन्हाच. शेवटी कुंड्यांच्या झारीने, भांडी विसळलेलं पाणी शिंपडून चाचणी झाली. आत मी टॉर्च घेऊन बसले होते. एक थेंब नाही. झारीने काय सिद्ध होणार, हे माझ्या चेहऱ्यावर लिहिलं असावं, कारण नवरा म्हणाला, “बरं. तुझ्या माहेरी जाऊ.”

जूनच्या शेवटी गेलो. दादाच्या अंगणात गाडी लावली आणि रात्री पाऊस सुरू झाला. सकाळी गावातली वीज गेलेली. खांब पडला म्हणे, येईल तेव्हा येईल. तासाभरात शेजारच्या चार घरांतले मोबाइल आमच्या दारात रांगेने आले. नवऱ्याच्या आयुष्यातला तो सोन्याचा क्षण. त्याने कंट्रोलरचा पडदा सगळ्यांना दाखवला. तीनशे वॅटच्या छपरातून त्या ढगांखाली २८ वॅट येत होते. मी मुकाट्याने फ्रिज बंद केला.

दुपारी माझ्या पलंगावर थेंब पडला.

नवरा पांढरा पडला. त्याने सातही भोकांची नावं घेतली, रोजची ओळख असल्यासारखी. पण पाणी जिथे शिरतं तिथे गळत नाही. अस्तराच्या आडून पत्र्याच्या कडेकडेने भलतीकडे चालत जातं आणि सोयीची जागा बघून उतरतं. नळ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे ठाऊक असतं. मी अस्तराची मागची पट्टी सोडवली आणि बोट लावत लावत गेले. आमची सातही भोकं खडखडीत कोरडी. पाणी येत होतं पार मागून, छपराच्या कोपऱ्यातल्या दिव्यातून. गाडी जन्माला आली त्या दिवसापासूनच्या भोकातून, ज्याचं रबर कधीचं वाळून गेलं होतं.

नवऱ्याने विजयी मुद्रेने उरलेली सीलंटची नळी काढली. तोंडात स्क्रू घालून ती जपून ठेवली होती. पण कोकणातल्या हवेत ओलाव्याला काय तोटा! ती तोंडापासून तळापर्यंत घट्ट होऊन बसली होती. बंदुकीत घालून दाबली, तर बंदूक वाकली.

दादा पडवीतून हे बघत होता. तो उठला, आत गेला आणि डांबराचा डबा घेऊन आला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी बोहरी आळीत काय काय बोलले होते ते त्याला पाठ होतं. मी छत्री उघडली आणि शिडीपाशी जाऊन दादाच्या डोक्यावर धरली.

त्याने दिव्याभोवती बोटाने डांबर फासलं, वरूनच, सरळ लिंपण. मग खाली उतरून हात पुसत म्हणाला, “ह्यां सुकापर्यंत तू चटणी वाट गो.”

बॅटरीत तेवढी वीज होती.