उतारावरची झोप

उशी हा प्रकार आमच्या भागात चैनीतच मोडायचा. माणूस दमला असेल तर त्याला उशी लागत नाही, आणि लागत असेल तर तो पुरेसा दमलेला नाही, असा सरळ हिशेब. शेतात दुपारी बाभळीखाली आडवं व्हायचं तर उशाला पायताण. एसटी स्टँडवर पिशवी. लग्नघरी शेजारच्या पाव्हण्याची वळकटी, तो जागा व्हायच्या आत परत ठेवायच्या बोलीवर. घरी अंगणात आजोबांची बाज असायची. तिची दावण सैल पडली की आजोबा मधोमध खोल जायचे आणि डोकं-पाय आपोआप वर यायचे. डोक्याकडून आणि पायांकडून उचलले जाणारे पलंग आता रिमोटसकट मिळतात आणि त्यांची किंमत ऐकून झोप उडते. आजोबांना तीच सोय दावण ओढायच्या आळसातून मिळाली होती.

अशा घराण्यात आईसाठी उतरती उशी आली.

आईची तक्रार जुनीच. रात्री आडवं झालं की छातीत जळजळ, करपट ढेकर, मग घशाशी आंबट येणं. त्याला कारणंही जुनीच. येसराची आमटी, वर शेंगदाण्याची चटणी, आणि जेवण सगळ्यांच्या शेवटी. म्हणजे ताट उचललं, ओटा पुसला की थेट अंथरूण. सोलापूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की अन्ननळी जठराला मिळते तिथली झडप सैल पडलीय. माणूस उभा असतो तोवर जठरातलं आम्ल खाली राहतं. आडवा झाला की त्याला वर यायला वाट मोकळी. म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्यायचे, डाव्या कुशीवर झोपायचं, आणि कमरेपासून वरचं अंग उंचावर ठेवायचं.

“दोन उशा जास्त घेते मग,” आई म्हणाली.

तिथं डॉक्टरांनी हात आडवा केला. उशांची चळत लावली की मान वाकते, पोट दुमडतं, पोटावर दाब येतो आणि आम्ल उलट जोरानं वर चढतं. उतार हवा तो पाठीला. पूर्वी ते पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवायला सांगत, सहा ते आठ इंचांपर्यंत. पण आमचा दिवाण खोक्याचा. त्याला पायच नाहीत. पोटात अख्ख्या घराच्या वाकळी, लग्नातली पितळेची भांडी आणि कुणालाच न लागणारी एक शिलाई मशीन. तो कलता करायचा तर क्रेन आणावी लागली असती. मग उशी मागवली.

खोकं उघडलं तेव्हा घरभर नव्या फोमचा वास पसरला. सुतारानं लाकडात ठोकायला तासावी तशी ती पाचर होती. एक टोक चादरीत मिसळून जाईल इतकं पातळ, दुसरं वीतभराला जरासं कमी. वर करड्या रंगाचं, चेन लावलेलं अभ्र्याचं कापड. आईनं आधी ती दाबून पाहिली. हात काढला की खड्डा हळूहळू भरून येत होता. तिला ते संशयास्पद वाटलं. मग तिनं चेन उघडून आत बोट घातलं.

“कापूस कुठंय?”

कापूस नसतो, फोम असतो, म्हटल्यावर किमतीचा प्रश्न आला. मी तीनशे सांगितले. तिनं माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि म्हणाली, “तीनशेला बी महाग हाय. नुसता उतारच हाय की.” आमच्या आळीत पूर्वी पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीची तुंग-तुंग ऐकली की बायका जुन्या गाद्या बाहेर काढायच्या, आणि दबून दगड झालेल्या कापसाचा दुपारपर्यंत ढीग व्हायचा. तसं काही न करता जे फुगतं त्यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागणार होता. दुसऱ्या दिवशी तिनं उशीला कडक ऊन दाखवलं. फोमला कडक ऊन चालत नाही हे मी सांगितलं. अंथरुणाला ऊन चालत नाही हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असावं.

घरातल्या बाकीच्यांना मात्र ती लगेच मानवली. अण्णा तिला पाठ टेकून पेपर वाचू लागले. बायको शाळेतून आली की उशी उलटी फिरवून तिच्यावर पाय ठेवायची. दिवसभर उभं राहून सुजलेल्या पायांना तो उतार बरा पडतो, हे खरंच आहे. पोरानं त्यावरून मोटारी सोडल्या. आईला मात्र रात्री दहाला स्वतःची उशी घरभर शोधावी लागायची.

दवाखान्यात ज्यानं पेशंटजवळ रात्री काढल्यात त्याला ही उतारावर झोपायची तऱ्हा नवी नाही. पलंगाच्या पायथ्याचा दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू कुरकुरत वर येते, त्या पलंगालाच तिथं फाउलर कॉट म्हणतात. जॉर्ज रायरसन फाउलर हे अमेरिकेतल्या ब्रुकलिनचे सर्जन. पोटात पू झालेल्या रोग्याला असं अर्धवट बसतं ठेवलं तर पू ओटीपोटाकडे उतरतो आणि धोका कमी होतो, हे त्यांनी १९०० साली मांडलं. हृदयाचे डॉक्टर तर अजूनही विचारतात, रात्री किती उशा घेता? हृदय थकलं की सपाट झोपल्यावर दम लागतो, म्हणून माणूस नकळत उशी वाढवत जातो. इतका मोठा आजार उशांत मोजला जातो याचं मला नेहमी नवल वाटतं. तिथं मात्र आपल्या मनानं उशा वाढवून भागत नाही, दवाखानाच गाठावा लागतो.

आईच्या बाबतीत उशीपेक्षा दिशा जड गेली. डावी कूस डॉक्टरांची. त्यात तिची स्वतःची अट अशी की झोपताना तोंड दाराकडे हवं. ही अट ३० सप्टेंबर १९९३ ची. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गावोगाव गणपती बोळवून माणसं उशिरा झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. आम्ही तेव्हा लोहाऱ्याकडे, गावच्या माळवदाच्या घरात होतो. दगड-मातीच्या त्या जाड भिंती, वर मातीचं धाबं. आमच्या भिंतीला चीर गेली एवढ्यावर निभावलं. सास्तूरकडे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर कितीतरी दिवस सगळा मुलूख अंगणात, ताडपत्रीखाली झोपला. पुढं सिमेंटची घरं आली, आम्ही धाराशिवात आलो, पण आईची नजर झोपेतही दारावर असते. त्यावर वादच नाही.

तिसरी अट शास्त्राची. उत्तरेला डोकं नको.

आता आमचं दार पूर्वेला. डाव्या कुशीवर झोपून तोंड पूर्वेला करायचं तर डोकं उत्तरेलाच येतं. मी कागदावर माणसाची आकृती काढून चारही बाजूंना फिरवून पाहिली. दक्षिणेला डोकं केलं तर तोंड पश्चिमेच्या भिंतीकडे. अण्णा म्हणाले, उजवी कूस चालंल का विचार. डॉक्टरांना फोन केला. नाही चालणार, जठराची ठेवणच अशी की उजव्या कुशीवर झडप खाली येते आणि आम्लाचं फावतं. शेवटी दिवाणच हलवला. पोटातली पितळ, वाकळी, शिलाई मशीन सगळं बाहेर काढून, बाजूच्या खोलीत, जिचं दार दक्षिणेला पडवीत उघडतं. आता डोकं पूर्वेला, कूस डावी, तोंड दाराकडे. वैद्यक, भूकंप आणि शास्त्र तिघांचं एकमत घडवून आणल्याचा मला थोडा गर्वही झाला. रात्री आई उतारावरून सरकत खाली यायची, तेवढं राहिलं होतं. त्यावर तिनंच गुडघ्यांखाली वाकळीची गुंडाळी ठेवली आणि सरकणं थांबलं.

जळजळ खरंच उतरली. आणि मग नवरात्र आलं.

नवरात्रात आमच्याकडे गादी, पलंग, उशी काही नाही. घट बसला की जमीन आणि सतरंजी. त्यामागे तुळजापूरचा हिशेब आहे. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. भाद्रपद वद्य अष्टमीला तिला सिंहासनावरून उचलून शेजघरात पलंगावर निजवतात. त्याआधी तिच्या गाद्यांचा कापूस काढून पिंजला जातो, बाया त्याला हात लावायला जमतात. घटस्थापनेच्या पहाटे ती उठते, आणि मग नऊ दिवस युद्ध. देवी उभी असताना आपण गादीवर लोळायचं कसं, एवढाच आईचा मुद्दा. त्याला उत्तर द्यायला डॉक्टर कच्चे.

त्यात उपवास. भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा, म्हणजे आम्लाचंही नवरात्रच. सुरुवातीच्या रात्री आई भिंतीला टेकून बसून राहिली. मग घरात परिषद भरली. आत्या म्हणाली, “कापूस न्हाई तर गादी कशी म्हणायची? रबर हाय ते.” शेजारच्या काकूंनी विचारलं की खालचं पातळ टोक धरलं तर ती सतरंजीच नाही का. अण्णांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजी दुसऱ्या घरी पाठ वाचत होते. ‘आजाऱ्याला दोष नाही’ इतकंच म्हणून त्यांनी ठेवला. आजारी म्हटलेलं आईला आवडलं नाही.

निकाल तिचा तिनंच दिला. उशी दिवाणावरून उतरवून जमिनीवर ठेवली, वर आपली घोंगडी टाकली आणि म्हणाली, “रोजची गोळी उपासाला बंद करते का मी? ही बी गोळीच. जरा मोठी हाय.”

नवमी सरली, दसरा झाला. तुळजापुरात सीमोल्लंघनाला देवीला साड्यांत गुंडाळून पालखीतून मिरवतात. साड्या किती, तर एकशे आठ. इतकी जपणूक आजवर कुठल्या फोमनं केली नसेल. पालखी येते अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. आणि त्यानंतर तिला जो पलंग लागतो तो येतो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून, वाटेत गावोगाव दर्शन देत. नऊ दिवस झुंजलेली देवी त्या पलंगावर निजते ती कोजागरी पौर्णिमेपर्यंत. ही श्रमनिद्रा. सोलापूरच्या रस्त्यानं कोजागरीला पायी येणारी माणसं डांबराच्या कडेला उशाला बोचकं घेऊन पडतात, आणि आत देवी विसाव्याला असते.

हे सगळं आम्हाला लहानपणापासून पाठ. पण यंदा एकादशीला आई सकाळी उठून पुन्हा दिवाणावर जाऊन बसली. बसली म्हणण्यापेक्षा उतारावर टेकली. नऊ वाजले, दहा वाजले. स्वयंपाकघरात शांतता. अण्णांनी दारातून डोकावून विचारलं, “बरं न्हाई का?”

“बरं हाय. देवी निजली, म्या बी निजले. नऊ दिवस मी बी केलंच की.”

आईला दिवसा आडवं झालेलं मी पाहिलेलंच नव्हतं. तिच्या पिढीतल्या बाया दुपारी घटकाभर पाठ टेकायच्या, पण पडवीत पावलं वाजली की उठून सुपात काहीतरी निवडायला घ्यायच्या. झोपलेली बाई कुणाला दिसता कामा नये. म्हणजे विश्रांती वर्ज्य नव्हती, ती दिसणं वर्ज्य होतं. या उशीनं तिथं एक सोय केली होती, जी डॉक्टरांच्या ध्यानीमनी नव्हती. उतारावर टेकलेली बाई झोपलेली नसते आणि बसलेलीही नसते. पदर नीट असतो, दार दिसतं, येणाऱ्याशी बोलता येतं, मांडीवर मेथीची जुडी ठेवता येते, निवडली नाही तरी चालतं. भेटायला आलेल्या कुणालाही ‘झोपलीय व्हय’ म्हणता येत नाही. आयुष्यभर ती उभी किंवा बसलेली होती. मधला कोन तिला कुणी दिलाच नव्हता.

ते दिवस घर आम्ही चालवलं. अण्णांची भाकरी नकाशावर दाखवता येईल अशा आकाराची होत होती. मी केलेल्या आमटीत येसर इतकं पडलं की जळजळ घरात सगळ्यांना समान वाटली गेली, आणि रात्री पोरगासुद्धा आजीची उशी मागू लागला. आई आतून सूचना देत होती, पण उठली नाही. आत्या आली, तिनं कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि जाताना मला बाजूला घेऊन उशीची किंमत विचारली. मी पुन्हा तीनशे सांगितले. आता आत्याला तीनशेलाच आणून द्यावी लागणार.

पौर्णिमेला देवी सिंहासनावर गेली आणि आई ओट्याशी. रात्री दूध आटवताना अण्णा जरा सुटल्यासारखं म्हणाले, चला, झाली एकदाची निद्रा.

आईनं डाव फिरवत म्हटलं, “पौषात शाकंभरीच्या आधी अजून आठ दिवस निजती ती. तवर भाकरी गोल करायला शिका.”