पॅनियरपंडित

सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकवायच्या पिशवीला पॅनियर म्हणतात, आणि सायकल चालवण्यापेक्षा या पिशवीवर बोलण्यात अधिक वेळ घालवणाऱ्या इसमाला पॅनियरपंडित. त्याची दाट वस्ती पुण्यात. ठाणे, नाशिक आणि कोल्हापूर येथे तो तुरळक, पण तितकाच बोलका. वय पस्तीस ते पंचावन्न. पेशा बहुधा संगणकाचा किंवा बँकेचा. सायकली दोन-तीन, गुडघे दोन, आणि त्यांतला एक कुरकुरणारा.

तो ओळखायला सोपा असतो. समोरून दुसरा सायकलस्वार आला की सामान्य माणूस त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. पंडित कॅरिअरकडे पाहतो. तिथे पिशवी दिसली तर तो थांबतो, परवानगी न विचारता तिचे कापड चिमटीत धरतो आणि शालू घ्यायला आलेली वधूमाय पदर चोळते तसे चोळतो. मग पिशवी आतून उलटी करून शिवण पाहतो. त्यानंतर ‘हं’ म्हणतो. या ‘हं’ने अनेक पिशवीमालकांची रात्रीची झोप उडाली आहे.

पंडिताच्या आधीही सायकलवरून ओझे वाहिले जात होतेच. दूधवाला कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना हुकांनी कॅन अडकवतो. २० लिटरचे दोन कॅन भरले की नुसत्या दुधाचेच वजन ४० किलोंच्या वर जाते, आणि ते घेऊन तो पहाटे गल्लीबोळांतून एका हाताने घंटी वाजवत फिरतो. गोव्यात पोदेर बांबूची भलीमोठी टोपली कॅरिअरवर बांधतो, वरून प्लास्टिक झाकतो आणि भोंगा वाजवत घरोघरी पाव पोचवतो. मुंबईचा डबेवाला हँडलपासून कॅरिअरपर्यंत जिथे जागा सापडेल तिथे डबे लटकवतो. पोस्टमनची खाकी पिशवी तर पिढ्यान्‌पिढ्या हँडलवरच वाढली. यांपैकी कोणीही हुकाच्या रचनेवर दुसऱ्याचे अर्धा तास बौद्धिक घेतल्याची नोंद नाही. पंडित या मंडळींचा उल्लेख आदराने करतो, पण त्यांना पूर्वसूरी मानत नाही. कारण त्यांना पिशवीचे डेनिअर, म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप, माहीत नसते.

पंडितांत चार प्रमुख पंथ आहेत.

पहिला जर्मन पंथ. या पंथाचे दैवत ऑर्टलिब. हार्टमुट ऑर्टलिब नावाच्या तरुण जर्मन सायकलस्वाराला इंग्लंडच्या पावसाने झोडपले, शेजारून जाणाऱ्या ट्रकची ताडपत्री मात्र आतला माल कोरडा ठेवताना दिसली. त्यावरून त्याने आईच्या शिलाई मशीनवर तशाच कापडाच्या पिशव्या शिवल्या आणि १९८२ साली कंपनी काढली. ही कथा या पंथात सत्यनारायणाच्या कथेइतक्या भक्तिभावाने सांगितली जाते आणि मध्येच उठून जाणाऱ्याला तोच दोष लागतो. या पिशवीचे तोंड गुंडाळी करून बंद होते. त्याला चेन नसते, म्हणून चेन बिघडतही नाही. गुंडाळी किमान तीन वेळा व्हावी लागते. पंडित चार वेळा करतो आणि मग आत राहिलेला रुमाल काढण्यासाठी चारही उलगडतो.

दुसरा इंग्रज पंथ. हे लोक प्लास्टिकच्या कापडाला हात लावत नाहीत. लँकेशायरमधील नेल्सन या गावी विल्फ कॅरडाइस याने १९३२ साली सुरू केलेल्या कारखान्यातील जाड सुती पिशवी त्यांना प्रमाण वाटते. ती सीटच्या मागे आडवी लटकते, तिला चामड्याचे पट्टे असतात, आणि आतल्या लेबलावर ती शिवणाऱ्या कारागिराची सही असते. पाण्याने सुताचे धागे फुगतात, विणीतली भोके बुजतात आणि पाणी आत शिरत नाही, हे तत्त्व या पंथाला तोंडपाठ असते. इंग्लंडच्या रिमझिम पावसात ते खरेही ठरते. ताम्हिणी घाटात जुलै महिन्यात धागे फुगून फुगून दमतात. परतल्यावर पिशवी वेळीच वाळवली नाही, तर आठवड्याभरात तिच्यावर बुरशी येते. मग सहीच्या शेजारी हिरवा शिक्का उमटतो.

तिसरा पंथ बाइकपॅकिंगवाल्यांचा. यांना कॅरिअरच मान्य नाही. सायकलच्या त्रिकोणात एक पिशवी, हँडलला एक वळकटी, दांड्यावर चिमुकली डबी आणि सीटखाली मागे निघालेले लांबट शेपूट, अशी यांची मांडणी असते. वजन मध्यभागी राहते, वाऱ्याला अडथळा कमी होतो, खडबडीत वाटेवर काही खडखडत नाही. हे फायदे खरे आहेत. मात्र त्रिकोण पिशवीने भरल्यामुळे पाण्याच्या बाटलीला जागा उरत नाही आणि शेपूट सैल बांधले गेले तर चढावर उभे राहून पायडल मारताना ते डावी-उजवीकडे डुलत राहते. तहानलेला आणि डुलता सायकलस्वार दिसला की तो याच पंथाचा समजावा.

चौथा पंथ जुगाडवाल्यांचा. हा पंथ रविवार पेठेतून ताडपत्री आणतो किंवा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा उतरवलेला फ्लेक्स मिळवतो, आणि ओळखीच्या शिलाईवाल्याकडून पिशवी शिवून घेतो. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर. बऱ्याच जर्मन पिशव्यांचे कापडही पीव्हीसीचा थर दिलेले पॉलिएस्टरच असते. वीण आणि टिकाऊपणा यांत अंतर बरेच असले तरी कूळ एक. जर्मन पंथीयांना ही सोयरीक सांगितलेली आवडत नाही. जुगाडवाल्यांना कोणी हसलेच, तर ते झुरिकच्या फ्रायटाग बंधूंचा दाखला देतात. मार्कुस आणि डॅनिएल या दोघा भावांनी १९९३ साली ट्रकच्या जुन्या ताडपत्र्या, मोटारींचे सीटबेल्ट आणि सायकलच्या टाकाऊ ट्यूब जोडून पिशव्या केल्या, आणि आज त्या नव्या कापडाच्या पिशव्यांपेक्षा महाग विकल्या जातात. फरक इतकाच की फ्रायटागच्या पिशवीवर ट्रकच्या जाहिरातीचे एखादे अक्षर येते. जुगाडवाल्याच्या पिशवीवर स्थानिक नेत्याचा अर्धा चेहरा आणि जोडलेले हात येतात. चौकातून जाताना अनोळखी कार्यकर्ते त्याला नमस्कार करतात.

किमतीच्या बाबतीत बाजाराचे साधारण तीन थर आहेत. तळाला फुकट थर : साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, वायरची पिशवी आणि जुन्या ट्यूबची पट्टी. मधल्या थरात देशी कंपन्यांच्या आणि मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानांतील पिशव्या येतात. जोडी साधारण २ ते ५ हजारांच्या घरात. वरच्या थरात आयात माल. तेथे जोडी १५ हजारांच्या पुढेच सुरू होते. ज्या सायकलला ती लावायची, ती सायकल १२ हजारांची असू शकते. नाकापेक्षा मोती जड ही म्हण पंडिताला कोणी ऐकवली, तर तो लवकरच नाकही बदलण्याचा मनोदय जाहीर करतो.

ही किंमत पचवण्यासाठी पंडित गणिताचा आधार घेतो. १६ हजारांची जोडी २० वर्षे टिकली तर वर्षाला ८०० रुपये, म्हणजे दिवसाला सव्वादोन रुपयेही नाहीत, असे तो सिद्ध करतो. एवढ्यात हल्ली अर्धा कप चहासुद्धा येत नाही, हेही वर जोडतो. घरातली मंडळी मात्र भागाकार दुसरीकडून करतात. जोडी ४० लिटरची, म्हणजे लिटरला ४०० रुपये. ‘‘रिकाम्या लिटरला चारशे? अहो, थोडे वर घातले असते तर तूप आले असते,’’ हा शेरा सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत थोड्याफार पाठभेदाने ऐकू येतो. त्याला अद्याप समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. शिवाय २० वर्षांचा हिशेब सहसा तिसऱ्या वर्षी बंद पडतो, कारण तोवर नवे मॉडेल आलेले असते.

म्हणूनच पंडिताच्या पिशवीला तीन किमती असतात : घरी सांगायची, सायकलवाल्यांच्या गटात सांगायची आणि खरी. घरची किंमत खरीच्या निम्मी असते. गटातली किंमत श्रोता कोण यावर ठरते. त्याच्याकडे महाग पिशवी असेल तर आपली फार स्वस्तात पडली, आणि स्वस्त असेल तर आपली फार महाग पडली, असे सांगण्याचा प्रघात आहे. आयातकर आणि टपालखर्च टाळण्यासाठी परदेशातल्या भाच्याचा उपयोग होतो. तो सुटीवर येताना पिशवी घेऊन येतो आणि जाताना त्याच जागेत बाकरवडी, भाजणी आणि लोणचे जाते. या व्यवहारात भाच्याला काय मिळते, हे त्याच्या बायकोला कळलेले नाही.

गुणवत्तेची परीक्षा हा पंडिताचा खास प्रांत. पहिला विषय डेनिअर. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममध्ये जितके वजन, तितके त्याचे डेनिअर. आकडा मोठा तितका धागा जाड. पण जाड म्हणजे टिकाऊच असे नाही. वीण, थर आणि शिवण यांवरही बरेच अवलंबून असते. हे पंडिताला ठाऊक असते, तरी वादात तो आकडाच पुढे करतो, कारण आकडा आवाज चढवून सांगता येतो.

दुसरा विषय पाणी. चांगल्या पिशव्यांवर आयपी ६४ अशी खूण असते. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही. चार म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेल्या पाण्यापासून बचाव. पाण्यात बुडवण्याची हमी यात नाही. पंडित नेमके तेच करतो. नव्या पिशवीत कालचे वर्तमानपत्र घालून ती न्हाणीघरातल्या बादलीत दाबून धरण्याचा विधी बहुतेक घरांत पार पडतो, आणि तोवर बाकीचे कुटुंब आंघोळीसाठी टॉवेल घेऊन रांगेत उभे असते. वर्तमानपत्राचा कोपरा ओला निघाला, तर दोष पिशवीला न देता आपल्या गुंडाळीला दिला जातो.

तिसरा विषय हूक, आणि इथे पंडिताचे म्हणणे खरोखर ऐकण्यासारखे असते. कापड फाटून प्रवास थांबल्याची उदाहरणे थोडी. हूक निसटून पिशवी चाकात गेल्याची पुष्कळ. हूक साधारण ८ ते १६ मिलिमीटर जाडीच्या नळीसाठी बनवलेले असतात आणि बारीक नळीसाठी आत प्लास्टिकचे छोटे तुकडे बसवावे लागतात. ते बसवले नाहीत तर पिशवी खड्ड्याखड्ड्याला वाजते. पंडित हे तुकडे जपून एका डबीत ठेवतो आणि मग ती डबी शोधतो. जुन्या काळ्या सायकलच्या चापाच्या कॅरिअरला यांतले काही बसतच नाही, ही गोष्ट साधारणपणे भाचा परत गेल्यावर लक्षात येते.

चौथा विषय टाच. सायकलचा मागचा भाग आखूड असला की पायडल मारताना टाच पिशवीला लागते. पिशवी मागे सरकवली की टाच सुटते, पण वजन मागच्या आसाच्याही मागे जाते आणि हँडल हलके होऊन भिरभिरते. पाचवा विषय कॅरिअर. बऱ्याच कॅरिअरवर २५ किलोंची मर्यादा छापलेली असते. पिशवीत जागा आहे म्हणून ती गच्च भरली, तर आधी मागच्या चाकाचे स्पोक तुटतात आणि नंतर मैत्री.

प्रत्यक्ष प्रवासात पंडित क्वचित सापडतो, पण सापडला तर उठून दिसतो. २०० किलोमीटरची ब्रेव्हे ही लांब पल्ल्याची सायकलफेरी साडेतेरा तासांत संपवायची असते. नियमित सायकलस्वार दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, चिक्की आणि पावसाळी कोट घेऊन निघतो. पंडित त्या दिवशी मोठी जोडी लावतो, कारण ती सर्वांना दाखवायची असते. आत सामान तेवढेच, शिवाय एक केळे. ४० लिटरच्या पोकळीत ते केळे खंबाटकीच्या चढापर्यंत शिकरण होते. कोकणाच्या फेरीत आगरदांड्याच्या किंवा दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीची वाट पाहताना गावकरी सायकलभोवती जमतात. ते डेनिअर विचारत नाहीत. ‘‘कितीला पडली?’’ एवढेच विचारतात, आणि पंडित घरची किंमत सांगतो. तीही ऐकून ते एकमेकांकडे पाहतात.

पंडिताचा उपद्रव असा फारसा नाही. तो व्यसनी नसतो, पहाटे उठतो, आणि नवख्याला पिशवी निवडायला मदत करताना स्वतःचा अख्खा रविवार खर्च करतो. त्याच्या व्याख्यानातला कामाचा भाग थोडक्यात असा : आधी कॅरिअर मजबूत घ्यावे, मग हूक तपासावा, मग टाच लागते का ते पाहावे आणि कापड शेवटी. ऑफिसचा डबा, भाजी आणि एक जादा शर्ट यांसाठी मधल्या थरातली एक बाजूची पिशवी पुरते. आत एक प्लास्टिकची पिशवी घातली की पावसाची चिंताही मिटते. आठवडाभराच्या मुक्कामी फेऱ्या दरवर्षी होत असतील, तरच वरच्या थराकडे वळावे. आणि दुकानात कोणी पाठीमागून येऊन कापड चिमटीत धरले, तर पैसे आधी चुकते करावेत व ‘हं’ नंतर ऐकावा.