भाड्याचा फेटा

ट्रॅडिशनल डे असला की शिवाजी विद्यापीठात मावळ्यांना तोटा नसतो. अश्वारूढ पुतळ्यासमोर फोटो काढायला यंदाही रांग होती. मी इथला माजी विद्यार्थी, दरवर्षी चक्कर मारतो. या वेळी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत सुटलो: फेटा कुणी बांधला? बहुतेकांचं उत्तर एकच. दुकानातून बांधलेलाच आणला, संध्याकाळी परत द्यायचाय, नाहीतर डिपॉझिट जातंय. नऊवारीचीही तीच तऱ्हा. शिवलेली, पायांत चढवायची आणि चेन ओढायची.

स्पष्टच सांगतो, मला हे पटत नाही. भाड्याने आणण्यात लाज नाही, सगळ्यांचीच शिवून घ्यायची ऐपत नसते. पण फेटा म्हणजे सात-आठ मीटर कापड आणि शिकायला एक दुपार. कोल्हापूरच्या पोराला फेटा बांधता येऊ नये?

रांगेपासून लांब, झाडाखाली एक पोरगा एकटाच उभा होता. अंगात हिरव्या-काळ्या चौकड्यांचा ढगळ जपानी झगा, कपाळावर लाल व्रण, कमरेला तलवार. 'डीमन स्लेयर' या जपानी मालिकेतला तांजिरो. "आज ट्रॅडिशनल डे हाय भावा, कार्टून डे न्हाय!" रांगेतून एक मावळा ओरडला. पोरगा ओशाळला.

जवळ जाऊन विचारलं, हे चौकड्यांचं कापड मिळालं कुठं?

"मिळालंच नाही सर. महाद्वार रोड पालथा घातला. शेवटी हिरवं पॉपलिन घेतलं आणि काळे चौकोन रंगवले."

झग्याचा काठ हातात घेऊन बघितला. आधी पेन्सिलीची रेघ, मग फॅब्रिक कलर, असा एकेक चौकोन. बाहीपाशी एक वाकडा झालेला, रंग शेजारच्या घरात उतरलेला. शिलाई आईच्या मशीनवर, पण त्याची त्यानेच मारलेली. तलवार म्हणजे गॅसवर शेकवून चपटा केलेला पीव्हीसी पाइप. तीन आठवडे रोज रात्री हेच चाललं होतं म्हणाला.

याला कॉस्प्ले म्हणतात. कॉस्ट्यूम आणि प्ले जोडून हा शब्द जपान्यांनी 1980 च्या दशकात रूढ केला. नागोया शहरात 2003 पासून याचा जागतिक मेळा भरतो आणि तिथल्या मुख्य स्पर्धेत पोशाख स्वतः केलेलाच लागतो. विकतचा चालत नाही.

हा नियम कोल्हापूरला नवा आहे का? बाबूराव पेंटरांनी इथे 1917 साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. कॅमेरासुद्धा त्यांनी खटपट करून स्वतः घडवला. दामले, फत्तेलाल, शांताराम त्यांच्या हाताखाली तयार झाले. पडदा रंगवायचा, सेट उभारायचा, वेळ पडली तर तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, अशी ती शाळा. 1920 च्या 'सैरंध्री'तला कीचकवध इतका खरा उतरला की सेन्सॉरला कात्री चालवावी लागली. त्याच्याही आधी याच मातीतले केशवराव भोसले पोरवयात रंगभूमीवर 'शारदा' झाले होते. त्यांच्या नावाचं नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, जयंतीच्या आदल्या दिवशी जळालं, तेव्हा बाहेर रस्त्यावर माणसं रडत उभी होती. सोंगाची इतकी माया असलेलं हे गाव आहे.

आणि सोंग नुसतं अंगात घालून होत नाही, ते वठवावं लागतं. बहुरूपी पोलीस होऊन दारात आला की आधी त्याची चाल पोलिसाची होते, टोपी मागाहून दिसते. त्या पोराने तलवारीच्या मुठीला हात घातला तेव्हा त्याची मान, खांदे, नजर, सगळं बदललं. हे भाड्याने मिळत नाही.

माझ्या लेखी त्या दिवशी कोल्हापूरची परंपरा त्या जपानी झग्यात होती. टोमणा मारणाऱ्या मावळ्यावरही माझा राग नाही. त्याला फेटा बांधायला कुणी शिकवलंच नाही. ते काम आम्हा जुन्यांचं होतं, आम्ही ते केलं नाही.

म्हणून कार्यक्रम ठरवणाऱ्या पोरापोरींना विनंती. पुढच्या वर्षी एक बक्षीस वाढवा, स्वतःच्या हाताने केलेल्या पोशाखासाठी. मग तो मावळा असो की तांजिरो. आणि सकाळी तासभर झाडाखाली एक सतरंजी अंथरा. फेटा शिकवायला मी आणि माझे दोन मित्र येतो. कापड आमचं.