सीमापार मोहीम: कर्जत ते खालापूर, व्हाया पुणे जिल्हा

सिएटलला राहणारे आमचे मेव्हणे सुट्टीला येताना चॉकलेटं आणतात आणि एखादं यंत्र आणतात. चॉकलेटं घरातली पोरं संपवतात. यंत्राच्या वाट्याला मी येतो. या खेपेचं यंत्र मुठीत मावेल एवढं होतं. हातात धरायचा जीपीएस, आणि त्याच्या पोटात समोच्च रेषांसकट सगळा सह्याद्री.

"हे मोबाइलमध्ये पण असतं की," मी म्हणालो.

"भावोजी, रेंज गेली की मोबाइलवर नकाशा उतरत नाही, आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी टिकत नाही. याला दोन पेन्सिल सेल घातले की पंचवीस तास बघायला नको."

मेव्हण्यांचा डोंगरातला सगळा अनुभव अमेरिका-कॅनडाच्या हद्दीवरचा. तिकडे म्हणे दोन्ही देशांचे नकाशे वेगवेगळे घ्यावे लागतात. एकच घेतला तर सीमेपर्यंत डोंगर, नद्या, पायवाटा सगळं जिथल्या तिथे, आणि एक पाऊल पुढे टाकलं की पांढरं फटक. शिवाय अमेरिकेचा डोंगर फुटांत आणि कॅनडाचा मीटरमध्ये. सीमा मात्र जंगलात स्वच्छ दिसते, कारण दोन्ही सरकारांनी मिळून झाडं तोडून वीस फूट रुंदीचा पट्टा साफ ठेवलेला आहे. हे ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि आपल्या बिल्डिंगच्या दोन सोसायट्यांना मधलं गवत काढायला जमत नाही."

सीमापार चालल्याशिवाय यंत्राची खरी परीक्षा होत नाही, असा मेव्हण्यांचा आग्रह. आपल्या देशाची सीमा पायी ओलांडली तर परीक्षा यंत्राची न होता आपली होते, म्हणून मी त्यांना रायगड आणि पुणे या जिल्ह्यांची सीमा देऊ केली. कर्जत तालुक्यातल्या कोंदिवड्याहून चढून पुणे जिल्ह्यातल्या राजमाचीला मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी लोणावळ्यावरून कुरवंडे घाटाने परत रायगडात, खालापूर तालुक्यात उतरायचं. एका फेरीत दोन सीमा. मेव्हणे खूश झाले. पासपोर्ट घेऊ का, एवढंच विचारायचं बाकी ठेवलं.

कर्जत स्टेशनवर गाडीला मागून इंजिनं जोडायचा कार्यक्रम चालला होता. बोरघाटातला चढ ३७ फुटांना एक फूट, त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारं कोणीतरी लागतं. तेवढ्या वेळात प्रवाशांनी दिवाडकरांचा वडा खायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मेव्हण्यांनी वडा खाता खाता यंत्रात 'कर्जत' शोधलं. यंत्राने थोडा विचार केला आणि सांगितलं: कर्जत, पूर्वेला १८० किलोमीटर. समोर पिवळ्या पाटीवर दोन लिप्यांत कर्जत लिहिलेलं. यंत्र नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कर्जतला निघालं होतं.

ती पिवळी पाटी मात्र मेव्हण्यांच्या फार कामाची निघाली. तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आयुष्यभर ती पाटी पाहणाऱ्या माणसांनी तो आकडा कधी वाचलेला नसतो. मी तरी वाचणारा पाहिला नव्हता. उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो, हवा बदलली की बसल्या जागी डोंगर चढतो किंवा उतरतो, म्हणून खात्रीच्या ठिकाणी त्याला खरी उंची शिकवावी लागते. मेव्हणे पाटीखाली उभे राहून बटणं दाबू लागले. भोवती माणसं जमली. एक आजोबा जवळ येऊन हळूच म्हणाले, "काही हरवलंय का?"

कोंदिवड्याला टमटममधून उतरलो तेव्हा पडद्यावर गावाच्या जागी रिकाम्या चौकोनांची एक रांग होती. यंत्राला देवनागरी येत नव्हती. त्यामुळे पुढचा सगळा प्रवास आम्ही लांब चौकोनाच्या गावाहून आखूड चौकोनाच्या गावाकडे असा केला.

कोंडाण्याच्या लेण्यात यंत्राचं आणि आमचं पहिल्यांदा वाजलं. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी निदान चार दिसले तरच याला आपला ठावठिकाणा कळतो, आणि लेण्याच्या छताखाली एकही दिसेना. तेव्हा पडद्यावर प्रश्न उमटला: तुम्ही आता घरात आहात का? मेव्हणे 'नाही' दाबायला गेले. मी त्यांचा हात धरला. बौद्ध भिक्षूंचा हा विहार दोन हजार वर्षांच्या आसपासचा. भिंतीलगत त्यांच्या राहायच्या खोल्या. इथे कोणीतरी या प्रश्नाला 'हो' म्हणणारं नक्की होतं. शेवटी 'हो' दाबलं. यंत्राने समाधानाने शोध थांबवला.

लेण्याच्या वर खरा चढ लागला. नकाशावर राजमाचीपाशी मेव्हण्यांनी निशाणी ठेवली होती, आणि यंत्र सांगत होतं: अंतर ६०० मीटर. वरून मोळी घेऊन उतरणाऱ्या एका मावशींना विचारलं, "राजमाची किती लांब?" त्या म्हणाल्या, "इथंच." मेव्हण्यांचा चेहरा उजळला. परदेशी यंत्र आणि देशी मावशी यांचं एकमत झालं होतं. तासाभराने, शर्ट पिळून काढायच्या अवस्थेत, आम्ही यंत्र पाहिलं: अंतर ४५० मीटर. यंत्र कावळ्याच्या उड्डाणाचं अंतर सांगत होतं. मावशी पण तेच सांगत होत्या. खोटं कोणीच बोललं नव्हतं, पण आमच्यात कावळा कोणी नव्हता.

बरं, समोच्च रेषा तरी बघाव्यात. सर्वे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारी कागदी नकाशावर दर २० मीटरला एक रेषा असते, आणि सह्याद्रीच्या कड्यापाशी त्या इतक्या चिकटतात की तपकिरी डाग पडल्यासारखं दिसतं. डाग दिसला की शहाण्याने दुसरी वाट धरावी. यंत्रातल्या फुकट नकाशात मात्र तो डाग नव्हता, छान अंतराअंतरावर रेषा होत्या. कारण हे आकडे २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानाने अवकाशातून घेतलेल्या मोजणीचे. त्यातला एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा, आणि चौकोनाला उंची एकच. त्या चौकोनात कडा असला तर कड्याचीही सरासरी निघते. सरासरीवरून कोणी पडत नाही. कड्यावरून पडतात.

कागदी नकाशाची बाजू घेऊन मी बोलायला लागलो, तर मेव्हण्यांनी तोही वार परतवला. जुने कागदी नकाशे एव्हरेस्टसाहेबाच्या १८३० सालच्या मापाने काढलेले, यंत्र चालतं नव्या जागतिक मापाने. सेटिंग न बदलता कागदावरचे आकडे यंत्रात घातले तर आपल्या भागात शंभरेक मीटरचा फरक पडतो. घाटमाथ्यावर शंभर मीटर म्हणजे पाय जमिनीवर की हवेत, एवढाच फरक. यावर मला उत्तर सुचलं नाही, दम लागला होता.

करवंदीच्या एका जाळीपाशी मेव्हणे एकदम थांबले आणि ओरडले, "पुणे जिल्हा!" पाटी नाही, पट्टा नाही, साधा दगड नाही. जाळीचा अर्धा भाग रायगडच्या कलेक्टरचा आणि अर्धा पुण्याच्या. एक शेळी दोन्हीकडचा पाला खात होती. आम्ही फोटो काढला.

राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीत एका घरी पिठलं-भाकरीची सोय झाली. श्रीवर्धन आणि मनरंजन दोन्ही बालेकिल्ले अंगणातून दिसत होते, पण घरच्या काकूंचं लक्ष यंत्राकडे.

"ह्ये बोलत नाही का? आमच्या पोराचा मोबाइल बोलतो. डावीकडं वळा म्हनतो."

"नाही काकू, हे नुसतं दाखवतं."

"मग आमचं घर दाखवा."

मेव्हण्यांनी नकाशा मोठा केला. आणखी मोठा केला. काकूंचं घर नव्हतं. मात्र चार घरं सोडून पलीकडच्या घराच्या जागी एक ठिपका होता, राहायची आणि जेवायची सोय असल्याचा. काकूंनी तो बोट लावून बघितला.

"त्यांचं आलं आन् आमचं नाही?"

घरात शांतता पसरली. भाकरी थापायचा आवाज बंद झाला. मेव्हण्यांनी परिस्थिती ओळखून तत्काळ तिथे निशाणी टाकली, नाव दिलं, वर पिठलं उत्तम असा शेरा लिहिला. काकूंनी पोराला बोलावून फोन नंबरही घालायला लावला. मग विचारलं, "आता मुंबईच्या लोकांना दिसंल ना?"

"नाही, सध्या फक्त माझ्याच यंत्रात दिसेल."

"तुमी तर जेवून बसलाय. मंग काय उपेग?"

जीपीएसवर इतकी नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही. मेव्हण्यांनी सिएटलला गेल्यावर सार्वजनिक नकाशात ठिपका टाकायचं कबूल केलं, तेव्हा दुसरी भाकरी आली.

लोणावळ्यापर्यंतचा कच्चा रस्ता लांब आणि कंटाळवाणा, त्याबद्दल एवढंच. लोणावळ्याच्या आसपास कागदी नकाशाचं पान संपतं, ४७ एफ/५ जाऊन ४७ एफ/६ सुरू होतं. पुढे नौदलाच्या आयएनएस शिवाजीच्या भागातून जाताना मी मेव्हण्यांना यंत्र पिशवीत टाकायला लावलं. आमचं यंत्र फक्त ऐकणारं होतं. पण उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परवान्याशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि अशी यंत्रं खिशात घालून आलेल्या परदेशी पाहुण्यांना विमानतळावर अटक झालेली आहे. परदेशच्या मेव्हण्यांनी हे विमानात बसण्याआधी वाचावं.

कुरवंडे घाट हा या भागातला सगळ्यात प्रसिद्ध चुकलेला रस्ता. शाइस्तेखानाने कोकणावर धाडलेला कारतलबखान याच घाटाने उतरला, आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी खालच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला दोन्ही तोंडांनी कोंडला. सोबत रायबागन ही मुघल सरदारीण होती. हत्यारं टाकून शरण जा, हा सल्ला तिचा. खिंडीतल्या स्मारकापाशी बसून मेव्हणे म्हणाले, "त्याच्याकडे समोच्च रेषा असत्या तर उतरलाच नसता."

मला तसं वाटत नाही. वरच्या साहेबाचा हुकूम होता. नकाशात तपकिरी डाग असता तरी खान उतरलाच असता, फक्त कुठे सापडलो ते त्याला दहा मीटरच्या अचूकतेने कळलं असतं.

चावणी गावातून खोपोलीला जायला गाडी मिळाली. यंत्राने अखेरपर्यंत एकदाही जागा चुकीची दाखवली नाही, हे मान्य केलं पाहिजे. ते घ्याच. पण नकाशा घरूनच भरून घ्या, सेलची एक जोडी जास्त ठेवा, शेवटच्या वाडीत वाट विचारा आणि तिथे अंतर विचारू नका, वेळ विचारा. कुरवंड्याची वाट पावसाळ्यात धरू नका. आणि उधेवाडीत जेवलात तर त्या घराचा ठिपका नकाशात आला आहे का ते बघून मला कळवा. मेव्हणे अजून 'करतो' म्हणताहेत.