मांजर अण्णांचं

मांजर कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर आमच्या कामथडीत वेळेवर अवलंबून असतं. कणगीपाशी उंदीर धरला की ते अण्णांचं. कुणाच्या पातेल्यात तोंड घातलं की ते कुणाचंच नाही. आणि पावसात भिजून, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा थाटात आमच्या पायरीवर येऊन बसलं, की जिवाला घोर मात्र आमच्या.

शेजारचे अण्णा माणूस लाखमोलाचा. म्हैस व्यायला झाली की रात्रभर गोठ्यात बसून राहतील. मांजरांच्या बाबतीत मात्र त्यांचं शास्त्र पक्कं आहे. "खायाला घातलं की मांजर आळसावतं, गुरुजी. उंदीर धरत न्हाई." मी त्यांना सांगून पाहिलं, की शिकारीची खोड पोटात नसते, डोक्यात असते, पोट भरलेलं मांजरही उंदरावर झडप घालतंच. अण्णांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तसं असतं तर जेवल्यावर आमची पोरं अभ्यासाला नसती का बसली?" तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसापाशी याला उत्तर नव्हतं.

आषाढात भातलावणी सुरू झाली की परिस्थिती आणखी बिकट होते. अण्णांचं सगळं घर खाचरात, दाराला कडी, चूल थंड. अण्णांची तिन्ही मांजरं मग आमच्या ओट्यावर रांगेनं बसतात. ओरडत नाहीत, मागत नाहीत. नुसती बघतात. थोरली मनी तर घास हातापासून तोंडापर्यंत जाईस्तोवर त्याच्याबरोबर मान फिरवते. अशा देखरेखीखाली आमटीभात जेवून दाखवावा कुणीही.

रात्री वेगळी काळजी. गावाला लागूनच पुणे-सातारा रस्ता. शनिवार-रविवारी महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या अशा सुटतात, की पलीकडचा कागद इकडे उडून येतो. मांजर आडवं गेलं तर अपशकुन म्हणतात. इथे मांजराला दर दोन सेकंदांनी गाडी आडवी जाते, त्याचं कुणाला काय! बाहेर करकचून ब्रेक वाजला की ही मला हलवते. "बघा हो, आपली मनी..." "आपली नाही, अण्णांची," असं म्हणत मी बॅटरी शोधतो.

सुरुवातीला हिने दूधपोळी घातली. मांजरांनी दूध चाटलं, पोळी तशीच ठेवली, आणि पुढचे परिणाम अंगणात दिसले. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध धड पचत नाही. शिवाय त्यांना टॉरिन नावाचा घटक लागतो, तो मांसामाशांतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे जातात. हृदयही फुगतं, हे 1987 साली अमेरिकी पशुवैद्यांनी दाखवून दिलं. म्हणजे मासळी आणणं आलं. अठराव्या शतकात लंडनला इंग्रजी शब्दकोश करणारे डॉक्टर जॉन्सन आपल्या हॉज नावाच्या बोक्यासाठी कालवं आणायला स्वतः बाजारात जात. नोकराला धाडलं तर तो कावून बोक्याचा दुस्वास करील, ही भीती. पण जॉन्सनसाहेबांच्या गळ्यात तुळशीची माळ नव्हती.

माझ्या आहे. त्यामुळे नसरापूरच्या बाजारात सुकटीच्या पाटीपुढे मी उभा राहिलो तेव्हा आधी मेथीच्या जुडीची चौकशी करत असल्यासारखं केलं. मग हळूच म्हणालो, "एक वाटा द्या. मांजरासाठी."

"सगळी माळकरी असंच म्हनत्यात," मावशी म्हणाल्या.

"अहो, खरंच मांजरासाठी."

"किती हायती मांजरं?"

"माझं एकही नाही. शेजाऱ्याची आहेत."

यावर त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेनं पाहिलं, तसं मनीकडे कुणी पाहायला हवं होतं. उंदराला मांजर साक्ष म्हणतात. मला तेही मिळालं नाही. पुढल्या एकादशीला देवळात भजनी मंडळातल्या बुवांनी विचारलं, "काय गुरुजी, तब्येतीला सोसतंय ना?"

मांजरांचे हाल ऐकून मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, कायदा आहे की! आहे. 1960 चा, प्राण्यांना निर्दयपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा. पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्नपाणी न देणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात सुकटीचा वाटासुद्धा येत नाही. आणि ज्या अण्णांचा पंप आमची टाकी भरतो, त्यांच्यावर तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

नसबंदीचाही विषय मी एकदा काढला. मांजरी नऊ आठवड्यांत विते, पिल्लू पाच महिन्यांचं झालं की तेही त्या मार्गाला लागू शकतं, असं सगळं गणित मांडलं. अण्णा म्हणाले, "म्हशीला डॉक्टर आणाया दोन दिस फिरलो. आता मांजरीसाठी गेलो तर त्यो मलाच तपासंल."

दिवाळीच्या आधी मनी आमच्या माळ्यावर, हिच्या जुन्या पातळांच्या गाठोड्यात व्याली. चार पिल्लं. बातमी कळली तसे अण्णा आले. नवं भात घरात आलेलं, चेहरा चिंतेत.

"गुरुजी, तुमची मांजरं हल्ली आमच्याकडं फिरकत न्हाईत. उंदरांनी उच्छाद मांडलाय. एक बोका तेवढा आमच्यासाठी ठेवा."

"देऊ की," ही आतून म्हणाली, "पण अण्णा, त्याला खायला काय घालणार?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे? त्यो जेवाया हितंच येनार न्हवं?"