आधी नोंदवही, मग पाटी

साकीनाक्याहून रिक्षा केली की थोड्याच वेळात मरोळ एमआयडीसीतलं कामगार विमा रुग्णालय येतं. ८ ऑक्टोबर २०२४ रोजी कर्मचारी राज्य विमा महामंडळानं देशात दहा नवी वैद्यकीय महाविद्यालयं काढायला तत्त्वतः मान्यता दिली. त्या यादीत अंधेरीचं, म्हणजे याच रुग्णालयाचं, नाव आहे. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑक्टोबरला, महाराष्ट्रात दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. एमबीबीएसच्या जागा वाढल्या. चांगलं झालं, डॉक्टर हवेतच. पण या कॉलेजांत वर्ग, वसतिगृह आणि हजेरीचं यंत्र एवढंच असणार असेल, तर डॉक्टर तयार होतील आणि आजार होते तिथेच राहतील.

हे उगाच बोलत नाही. दिल्लीचे शल्यविशारद समीरण नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांनी किती संशोधन प्रसिद्ध केलं ते मोजलं. २०१६ साली आकडे बाहेर आले. ३३२ संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही शोधनिबंध नव्हता. वर्षाला शंभरावर निबंध देणाऱ्या संस्था फक्त २५, आणि देशातलं चाळीस टक्के काम त्यांचंच. बाकीच्या ठिकाणी रोज ओपीडीच्या रांगा लागत होत्या. त्या रांगांतून शिकलेलं मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

यात दोष मास्तरांच्या बुद्धीचा नाही. नव्या कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाचा दिवस बघा. सकाळी ओपीडी, मग वॉर्डाचा राउंड, मग लेक्चर, मग पाहणीसाठी कागद जुळवणं. संशोधनाचा तास वेळापत्रकात नसतो, तो घरच्या वेळेतून काढावा लागतो. रेसिडेंटची थीसिस सक्तीची असते, पण विषय गाइड देतो, शंभर रुग्ण भरले की मोजणी थांबते, आणि बांधलेली प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते. पुढच्या वर्षीचा रेसिडेंट पुन्हा नवा विषय, नवे शंभर रुग्ण. एकाचं काम दुसऱ्यानं पुढे न्यायचं, ही पद्धतच बसलेली नाही.

वरून बढतीसाठी शोधनिबंधांची अट. अट घातली की संशोधन वाढेल, असा हिशेब होता. वाढला तो कागद. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं उगवली. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी लिहिलं की त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात. वेळ द्यायचा नाही, मदतनीस द्यायचा नाही आणि निबंध मात्र मोजायचे, या धोरणाचं फळ ते हे. अट घालणाऱ्यांनी आधी आपली बाजू पुरी करावी.

आता कुणी म्हणेल, शिकवणाऱ्या कॉलेजाला संशोधन झेपत नाही, त्याला मोठी प्रयोगशाळा लागते. मुंबईचाच इतिहास याला उत्तर देतो.

१९४९ साली केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवर निबंध लिहिला. उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण, रक्तदाब मोजायचं साधं यंत्र आणि आठवड्यामागून आठवडे नीट ठेवलेल्या नोंदी. आपल्याकडे जुन्या काळापासून माहीत असलेली मुळी त्या निबंधानं जगाच्या औषधशास्त्रात आणली. १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

१९५२ साली त्याच केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची माहिती दिली. काही जणांचं रक्त कुणाशीच जुळत नव्हतं. नेहमीच्या चाचणीत ते ‘ओ’ दिसे, पण ‘ओ’ गटाचं रक्तही त्यांना चालत नसे. रोजच्या गडबडीत असं रक्त बाजूला सारणं सोपं होतं. भेंड्यांनी ते बाजूला सारलं नाही, ते शोधत गेले. आज जगभर त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. जगातल्या प्रत्येक रक्तपेढीला माहीत असलेला तो गट रोज विद्यार्थी शिकवणाऱ्या एका कॉलेजानं शोधला.

आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. त्यांच्यामागे कॉलेजसुद्धा नव्हतं. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः पोरं, मरत होती. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असल्यापासून ते प्रत्येक रुग्णापाशी बसून राहिले, नाडी आणि रक्तदाब लिहीत राहिले. १९८२ साली त्यांचं पहिलं पत्र ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवला, आणि २०११ साली त्यांची रीतसर चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापली. २०२२ साली पद्मश्री मिळाली.

या तिघांकडे सारखं काय होतं? समोरचा रुग्ण, मनातला पक्का प्रश्न, रोजची नोंद आणि ती वर्षानुवर्षे न सोडण्याची जिद्द. अंधेरीच्या कॉलेजात महागडं यंत्र पहिल्या दिवशी नसलं तरी चालेल. नोंद नसेल तर चालणार नाही.

आणि अंधेरीकडे असं काही आहे, जे केईएमकडेही नव्हतं.

कामगार विम्याच्या रुग्णाचं नाव विमा क्रमांकासह येतं. तो कोणत्या कारखान्यात, केव्हापासून, किती पगारावर आहे, हे महामंडळाच्या दप्तरात असतं. सरकारी रुग्णालयात खोकणारा माणूस येतो तेव्हा डॉक्टरला फक्त खोकला दिसतो. इथे खोकल्यामागचा कारखानाही दिसू शकतो. धंद्याच्या आजारांवर संशोधन करणाऱ्याला याहून मोलाचं काय हवं?

साकीनाका आणि खैरानी रोडच्या गाळ्यांत एकदा शिरून बघा. प्रेस मशिन, प्लेटिंग, पावडर कोटिंग, प्लॅस्टिक मोल्डिंग, शिवणकाम, जरीकाम. क्रोम प्लेटिंगच्या वाफेनं नाकाचा पडदा झिजतो, त्याला भोकही पडतं. प्रेसच्या आवाजानं ऐकू कमी येतं, आणि ते इतक्या हळू की कामगार बहिरेपणाला वयाचा दोष समजतो. पावडर आणि धुळीनं दमा जडतो. जरीवर वाकून वाकून मान, पाठ, डोळे जातात. कामगार विम्याच्या कायद्यात धंद्यातून होणाऱ्या आजारांची यादी आहे. आवाजानं येणारं बहिरेपण, व्यावसायिक दमा, धुळीचे फुफ्फुसाचे आजार, क्रोमियमची विषबाधा ही नावं तिच्यात आहेत. आजार धंद्यातून झाल्याचं सिद्ध झालं तर कामगाराला भरपाईचा हक्क आहे. पण निदानच झालं नाही तर हक्क मागणार कशावर? इथे संशोधन थेट माणसाच्या पदरात पडतं.

हे मुंबईत झालेलं आहे. केईएमचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत यांनी कापसाच्या धुळीनं गिरणी कामगारांच्या फुफ्फुसांचं काय होतं, याचा अभ्यास केला. शहरातल्या दूषित हवेचा श्वसनाशी असलेला संबंधही त्यांनी मोजला. गिरण्या गेल्या, कामगार गेले नाहीत. ते गाळ्यांत आले. त्यांच्यामागून संशोधनही गाळ्यांत यायला हवं होतं.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. विमा कायद्याचा उंबरठा वर्षानुवर्षे दहा कामगारांचा राहिला. साकीनाक्यातले कितीतरी गाळे त्याखाली आहेत, आणि सगळ्यात वाईट हवेत काम करणारा माणूस बहुतेक वेळा त्यांतलाच असतो. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे खैरानी रोडवर फरसाणाच्या कारखान्याला आग लागून १२ कामगार गेले. रात्री तिथेच झोपणारी माणसं होती ती.  कॉलेजानं फक्त विमा कार्डवाल्यांचा अभ्यास केला तर साकीनाक्याचं अर्धंच चित्र हाती येईल. कम्युनिटी मेडिसिन विभागाच्या मुलांना पहिल्या वर्षापासून गाळ्यांत न्या. कार्ड नसलेल्यांचेही कान आणि फुफ्फुसं तपासा. ऑडिओमीटर आणि स्पायरोमीटर ही काही अंतराळातली यंत्रं नाहीत.

दुसरी जमेची बाजू शेजारची. पवईची आयआयटी इथून काही किलोमीटरवर आहे. तिथल्या प्रयोगशाळेत सुरू झालेल्या, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर पूर्णत्वाला नेलेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरच्या पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींनी पवईत त्याचं लोकार्पण केलं. आयआयटीकडे रुग्णालय नव्हतं, टाटाकडे रुग्ण होते, दोघं एकत्र आले. वैद्यकीय उपकरणं बनवणारं ‘बेटिक’ हे केंद्रही आयआयटीत २०१४ पासून आहे. साकीनाक्यातल्या टूल रूममध्ये साचे बनवणारे कारागीर आहेत. डॉक्टर, इंजिनिअर आणि कारागीर एका रिक्षाच्या अंतरावर असणाऱ्या जागा देशात फार थोड्या असतील. सामंजस्य करारावर सह्या करून फोटो काढू नका. दोन्हीकडे शिकवणारे चार प्राध्यापक नेमा.

तेव्हा महामंडळाकडे आणि विद्यापीठाकडे मागण्या अशा.

प्रत्येक अध्यापकाला आठवड्यातला एक पूर्ण दिवस संशोधनासाठी द्या, आणि त्या दिवशी त्याला ओपीडीत ओढू नका.

पहिल्याच वर्षी पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ आणि नोंदी सांभाळणारी माणसं नेमा. यंत्रं नंतर घ्या.

थीसिसचे विषय विभागानं दहा वर्षांचे ठरवावेत. एका रेसिडेंटनं सोडलेला धागा दुसऱ्यानं उचलावा. शंभर रुग्णांच्या दहा सुट्या थीसिसांपेक्षा हजार रुग्णांचा एक अभ्यास कितीतरी खरं सांगतो.

नैतिकता समितीत कामगारांचा प्रतिनिधी बसवा. कामगाराची तपासणी मालकाच्या हाती जाता कामा नये. आपलं बहिरेपण कळलं तर काम जाईल, ही भीती खरी आहे. ती दूर केल्याशिवाय कुणीही खरं सांगणार नाही, आणि खोट्या उत्तरांवर उभं राहिलेलं संशोधन कुणाच्याच उपयोगाचं नाही.

बढतीला निबंधांची संख्या मोजणं थांबवा, काम वाचा. केईएमच्या स्टाफ सोसायटीनं १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ चालवलं आहे. शिकवणाऱ्या कॉलेजातले मास्तर जगानं वाचावं असं नियतकालिक काढू शकतात, याचा तो सत्तर वर्षांचा पुरावा आहे.

आणि निष्कर्ष मराठीत आणि हिंदीत गाळ्याच्या दारावर लागले पाहिजेत. ज्याच्या छातीचं माप घेतलं त्याला ते माप कळायलाच हवं.

पैसा कुठून आणायचा, असं विचारू नका. पंधरा हजार पगाराच्या कामगाराचे महिन्याला साधारण ११३ रुपये कापले जातात, त्याच्या नावानं मालक ४८८ भरतो. हे कॉलेज त्याच पैशातून उभं राहतं आहे. दर महिन्याला न चुकता भरणाऱ्या या माणसाला, त्याच्या कामामुळे त्याच्या शरीराचं काय होतं ते सांगणं, ही त्या कॉलेजाची पहिली जबाबदारी आहे. डॉक्टरकीच्या पदव्या त्यानंतर.

तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात असेल तर युनियनमार्फत, आमदारामार्फत, नाहीतर साध्या पोस्टकार्डानं महामंडळाला एवढंच विचारा: अंधेरीच्या कॉलेजात आमच्या आजारांचा अभ्यास कोण करणार, आणि कधीपासून? पैसे तुमचे आहेत. हिशेब मागा.