दोरा बांधलेलं फूल तोडू नये

जास्वंदीचं फूल सकाळी उमलतं आणि बहुतेक जातींत संध्याकाळी मिटतं. नवा वाण काढू पाहणाऱ्या माणसाला काम करायला मिळतात ते मधले चार तास. फुलाच्या मधल्या दांड्यावरचे पिवळे पराग तेव्हा कोरडे असतात. ते ब्रशनं उचलायचे, दुसऱ्या झाडाच्या फुलात टोकाला जे पाच बारीक गोंडे असतात त्यांवर टेकवायचे, देठाला दोरा बांधायचा आणि पट्टीवर आईचं नाव आधी, बापाचं नंतर, खाली तारीख लिहायची. संभाजीनगरातल्या आमच्या सिडकोत नेमक्या ह्याच वेळी पिशवी आणि आकडी घेतलेले लोक फिरायला बाहेर पडतात.

गणपतीला लाल जास्वंद लागते हे मला माहीत आहे. म्हणून फाटकाशी देशी लाल जास्वंद मुद्दाम लावली आहे आणि ती सगळ्यांसाठी मोकळी आहे. तरी हात जातो तो कुंपणाच्या आतल्या कुंडीकडे, मध्याशी गर्द जांभळ्या आणि कडेला केशरी झालेल्या मोठ्या फुलाकडे. संकष्टीला हे वाढतं. अंगारकीच्या आदल्या संध्याकाळी तर कळ्याही जातात, कारण पाण्यात ठेवलेली कळी सकाळी उमलते. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘काकू, देवासाठीच तर घेतलं!’ दोन दिवस थांबलं असतं तर पाकळ्या आपोआप गळल्या असत्या आणि देठाशी हिरवं बोंड धरलं असतं. बोंड पिकायला साधारण दोन महिने लागतात. त्यातल्या बियांची रोपं फुलायला पुढे वर्ष, कधी त्याहूनही जास्त. देवाचा मान मी राखतेच. माझी तक्रार एवढीच की दोरा दिसत असताना तो तोडला जातो.

हा दोरा मराठवाड्याला नवा नाही. जास्वंद कपाशी आणि भेंडीच्या कुळातली. संकरित कपाशीचं बियाणं ज्या शेतात तयार होतं तिथं बायका आदल्या संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावतात आणि त्या फुलाला खुणेचा दोरा बांधतात. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून आलेला एनएचएच-44 हा संकरित वाण आपल्या भागात किती शेतांतून पिकला, हे जुन्या शेतकऱ्यांना विचारा. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये दोरा बांधलेल्या फुलाला कुणी हात लावत नाही. त्याच गावांतून शहरात आलेली माणसं माझ्या गच्चीवर मात्र विचारतात, ‘हे काय लटकवलंय? काढून टाकू का?’ काही जण विचारतही नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत पट्ट्या केरात जातात.

दुसरा छळ ह्या वाक्याचा: ‘जास्वंदीला बी कुठं येतं?’ आपल्याकडच्या नेहमीच्या लाल जास्वंदीला बी सहसा धरत नाही, तेवढं खरं आहे. पण जास्वंदीच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ जोड्या जुळतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाई बेटांवरच्या हौशी लोकांनी अशाच जोड्या लावून हजारो रोपं काढली. एका बोंडातली दोन रोपंसुद्धा सारखी फुलत नाहीत, म्हणून आवडलेलं रोप पुढे कलमानंच टिकवावं लागतं. हे समजावून सांगायची माझी तयारी असते. ऐकणारा मात्र तोवर पुढचं वाक्य बोलून मोकळा झालेला असतो: ‘एक फांदी द्या ना!’ संकरित जास्वंद स्वतःच्या मुळांवर बऱ्याचदा अशक्त राहते, तिला देशी जास्वंदीच्या खुंटावर बांधावं लागतं. लोक फांदी नेतात, काळ्या मातीत खोचतात, रोज पाणी ओततात, आणि मग चारचौघांत सांगतात की ह्यांची झाडं जगत नाहीत.

संभाजीनगरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि तेव्हा लावलेले पराग फुकट जातात. बोंड धरतं ते पावसाळा सरल्यापासून थंडी संपेपर्यंत. मार्गशीर्षातले गुरुवार ह्याच हंगामात येतात आणि घटाला पाच झाडांच्या डहाळ्या लागतात. त्या पाचांत पट्टीवाली डहाळी असायलाच हवी, असं कोणत्याही पोथीत लिहिलेलं नाही. पाण्याचंही ऐकावं लागतं. नळ कित्येक दिवसांच्या अंतरानं येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही फुलांना घालता. कुंड्यांना तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी जातं. हे मी प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगते.

पट्टीवरचं अक्षर टिकणं हा वेगळाच त्रास. ‘पर्मनंट’ म्हणून विकलेली मार्करची शाई इथल्या उन्हात उडून जाते आणि पट्टी कोरी होते. पेन्सिलीनं लिहिलेलं टिकतं. हे दुकानदार कधी सांगत नाहीत.

सगळ्यांत जास्त राग नर्सऱ्यांचा येतो. कुंडीवर लिहिलेलं असतं ‘हायब्रीड जास्वंद’. कोणती? ‘मोठं फूल येतं बघा.’ बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनं जास्वंदीचे संकरित वाण काढून त्यांना नावं दिली. जगभरच्या जास्वंदींच्या नावांची नोंद ऑस्ट्रेलियन हिबिस्कस सोसायटी ठेवते. आपल्या 2001च्या पीक वाण संरक्षण कायद्यातही वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो, आणि त्याचं नाव नुसत्या आकड्यांचं चालत नाही. एवढं करून ठेवलेलं नाव दुकानात पोहोचेपर्यंत पुसलं जातं. मग मी पट्टीवर बापाच्या जागी काय लिहू? ज्या शहरात हिमायतबागेसारखं फळ संशोधन केंद्र आहे आणि ज्या मराठवाड्याच्या केशरला भौगोलिक मानांकन आहे, तिथं कुणी नुसता ‘आंबा’ मागत नाही, केशर मागतो आणि खात्री करून घेतो. फुलाची जातही तशीच विचारावी. गिऱ्हाईक विचारेल तेव्हाच नर्सरीवाला लिहून ठेवील.

आमच्या गल्लीतून सकाळी जाणाऱ्यांना विनंती आहे: फाटकाजवळची लाल फुलं केव्हाही न्या, विचारायची गरज नाही. आतल्या कुंडीतलं हवं असेल तर बेल वाजवा, मी सहापासून उठलेली असते आणि मोकळं फूल स्वतः तोडून देईन. दोरा बांधलेलं फूल आणि पट्टी असलेली फांदी तेवढी सोडा.